गोळी बंद झाली, पण सांगितले कोणी?

रेवस म्हटले की मुंबईतल्या जुन्या माणसांना अजून रामदास बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते. मुंबईच्या उंबरठ्यावर हे घडले, तरी मुंबईला त्याची खबर लागायला कित्येक तास गेले. त्या दुर्घटनेची तुलना आम्ही कशाशीही करू इच्छित नाही. पण रेवस आणि मुंबई यांच्यामध्ये पाणी थोडे आहे आणि खबर पोचायला मात्र वेळ फार लागतो, ही गोष्ट अजून बदललेली नाही. याचा एक साधा पुरावा नुकताच आमच्या हाती आला.

रेवस परिसरातली एक भगिनी कोळंबी सोलायच्या कामाला जाते, मोसमात जवळा वाळत घालण्याचेही काम करते. पगारपत्रक नाही, हजेरीचे कार्ड नाही. जेवढी कोळंबी सोलली तेवढे पैसे. काही वर्षांपासून तिच्या हातांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, सुक्या जवळ्याची भुकटी उडाली की शिंका थांबत नाहीत. घरच्यांनी आधी आमसुलाचा कोळ अंगाला चोळून पाहिला. शेजारणीने अंगाऱ्यासाठी बुवाकडे जायला सांगितले. ती गेली नाही; बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली ती लेक आहे. ती मेडिकलच्या दुकानात गेली. तिथे मिळालेली गोळी लागू पडली आणि पुढची काही वर्षे ती त्याच गोळीवर काम करत राहिली. नाव तिला ठाऊक नव्हते. पाकिटाचा रंग ठाऊक होता.

एके दिवशी दुकानदार म्हणाला, “ती गोळी आता येत नाही, कंपनीने बंद केली.” त्याने दुसरी दिली. ती महाग होती आणि ती घेतली की दिवसभर झोप यायची. विळीवर बसणाऱ्या बाईला झोप परवडत नाही. मग तिने दुसऱ्या गावातल्या दुकानातून तिसरी गोळी आणली. तिने खाज तासाभरात पळाली. पण दोन-तीन महिन्यांत चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. तेव्हा तिने तिन्ही रिकामी पाकिटे आमच्याकडे पाठवली आणि सोबत चार ओळी लिहिल्या. “जय भीम. माझ्या पहिल्या गोळीला दुसरी कोणती, एवढे डॉक्टरांना विचारून सांगा.”

आम्ही विचारले. जे कळले ते तिच्या एकटीपुरते नाही, म्हणून हा प्रपंच.

पहिल्या पाकिटावर तीन औषधांची नावे होती : सेटिरिझिन, पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन. म्हणजे ज्याला ती एक गोळी समजत होती ती तीन औषधांची मोळी होती. ही मोळी कंपनीने आपणहून बंद केली नव्हती. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६अ खाली केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत हे मिश्रण होते. तज्ज्ञांनी तपासून ठरवले की ही औषधे अशी एकत्र देण्याला वैद्यकीय आधार नाही.

ही बंदी योग्य आहे, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. सरकारचा प्रत्येक निर्णय चुकीचाच असतो असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. तिच्या अंगावरच्या गांधींवर काम करत होते ते एकटे सेटिरिझिन. पॅरासिटामॉल तापासाठी आणि अंगदुखीसाठी. ताप नसताना ते रोज पोटात जाण्याचे कारण नव्हते, आणि अति झाले तर ते यकृताला इजा करते. राहिले फेनिलेफ्रिन. चोंदलेले नाक मोकळे करायचे म्हणून ते घालतात. रक्तदाब असलेल्या माणसाने ते जपूनच घ्यावे लागते. आणि तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळे होतच नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितले. म्हणजे आमची ही बहीण इतकी वर्षे एका उपयोगी औषधाबरोबर दोन बिनकामाच्या औषधांचे पैसे मोजत होती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सोपे निघाले. पर्याय तिच्या गोळीच्या पोटातच होता. नुसते सेटिरिझिन मिळते, स्वस्त मिळते, ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जनऔषधी केंद्रातही जेनेरिक नावाने मागता येते. त्यानेही काहींना गुंगी येते, म्हणून पहिल्यांदा रात्री घेऊन पाहावे. लिव्होसेटिरिझिन नावाने जे विकतात तो सेटिरिझिनचाच काम करणारा अर्धा भाग आहे. नाव लांब झाले म्हणून औषध थोर होत नाही. ज्यांना कामावर असताना झोप चालणारच नाही, विशेषतः जे होडीवर जातात किंवा गाडी चालवतात, त्यांच्यासाठी डॉक्टर लोरॅटिडिन किंवा फेक्सोफेनाडिन सुचवतात. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यावे. फळांच्या रसाबरोबर घेतले तर त्याचा असर कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यातले काही घेऊ नये.

सांगायला दहा ओळी पुरल्या. मग या दहा ओळी रेवसपर्यंत पोचायला कोणाची हरकत होती? बंदीचा आदेश राजपत्रात छापला गेला. औषध कंपन्यांना तो कळला, घाऊक व्यापाऱ्यांना कळला, दुकानदाराने माल काढून टाकला. ती गोळी जिच्या पोटात जात होती, तिला सांगण्याची जबाबदारी मात्र या साखळीत कोणाचीच नव्हती.

आणि त्या मोकळ्या जागेत जे शिरले ते अधिक घातक होते. तिसऱ्या पाकिटावर स्टिरॉइडचे नाव होते. स्टिरॉइड हे शत्रू नाही. गंभीर ॲलर्जीत, दम्यात ते जीव वाचवते. पण ते किती दिवस घ्यायचे आणि कसे कमी करत आणायचे, हे डॉक्टरने ठरवायचे असते. आठवडेच्या आठवडे घेतले तर चेहरा गोल होतो, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, अंगात शिरलेला जंतू लपून राहतो. आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम सोडले तर त्याचाही धोका असतो. म्हणून आम्ही त्या भगिनीला पहिल्यांदा हेच कळवले की गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा आणि पाकीट सोबत न्या. खाजेच्या मलमांचीही तीच कथा आहे. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइड असलेली मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम झाला, पण आमच्या वस्त्यांमध्ये गजकर्णावर, खाजेवर आणि गोरे दिसायलाही ती मलमे अजून चोळली जातात. गोरे दिसण्याच्या हव्यासामागे कोणती व्यवस्था आहे, हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे.

ॲलर्जीचे औषध बंद होण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोल ही दोन औषधे एकेकाळी जगभर खपत होती, कारण त्यांनी झोप येत नसे. पुढे दिसले की एरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल अशा काही औषधांबरोबर ती घेतली तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. अमेरिकेच्या बाजारातून टर्फेनाडिन १९९८ पर्यंत गेले, ॲस्टेमिझोल १९९९ मध्ये गेले. भारतात त्यांच्यावर बंदी आली मार्च २००३ मध्ये. अमेरिकेतल्या हृदयाला जे घातक ठरले, ते आमच्या हृदयाला आणखी चार-पाच वर्षे चालते असे कोणत्या शास्त्राने ठरवले होते? तेथील रुग्णांसाठी पर्यायही तयार होता. टर्फेनाडिन पोटात गेले की शरीर त्याचे फेक्सोफेनाडिन करते. गुण त्याचा होता, धोका मूळ पदार्थात होता. म्हणून फेक्सोफेनाडिन वेगळे काढून १९९६ पासूनच अमेरिकेत विकले जाऊ लागले. आधी पर्याय उभा राहिला, मग जुने औषध गेले. इथला क्रम उलटा असतो.

मिश्रणांच्या बंदीलाही असाच वळसा पडला. १० मार्च २०१६ रोजी सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत सर्दी-ॲलर्जीची पुष्कळ होती. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी सांगितली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. अडीच वर्षे कंपन्यांची बाजू मांडायला नामवंत वकील उभे होते. कोळंबी सोलणाऱ्या बाईचे वकीलपत्र कोणाकडे होते?

याच विषयात एक गोष्ट गाजावाजा न होता घडली, ती आमच्या वाचकांनी समजून घ्यावी. क्लोरफेनिरामिन ही सरकारी दवाखान्यात सर्दी-खाजेला वर्षानुवर्षे मिळणारी, गुंगी आणणारी पण स्वस्त गोळी. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ३४ औषधे नव्याने आली आणि २६ वगळली गेली. वगळलेल्यांत क्लोरफेनिरामिन होते. अधिक चांगले औषध यादीत असताना जुने काढले, तर वैद्यकीयदृष्ट्या तक्रारीला जागा नाही. पण या यादीला आणखी एक अर्थ आहे. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ प्रमाणे यादीतल्या औषधाची कमाल किंमत सरकार ठरवते. आणि असे औषध कंपनीला बंद करायचे असेल तर सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते, सरकारला कळवावे लागते. लोकहितासाठी सरकार कंपनीला आणखी वर्षभरापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. यादीतून नाव गेले की हे संरक्षण गेले. मग किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते आणि उत्पादन थांबवताना कोणाला सांगण्याचे बंधन उरत नाही. सहा महिन्यांच्या सूचनेची तरतूद चांगली आहे. पण यादीतल्या औषधाचीदेखील ती सूचना रेवसच्या धक्क्यावर कोणी वाचली असेल, असे आम्हाला वाटत नाही.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. तरी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुले दगावली. त्या बाटलीत याच जातीचे मिश्रण होते आणि वर डायएथिलिन ग्लायकॉल हे विष. मुंबईला हे विष नवे नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ते ग्लिसरॉलमधून आले, चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. सरकारी रुग्णालयात कोण मरते, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या भगिनीकडे परत येऊ. तिला गोळीचे नाव का ठाऊक नव्हते? ती अडाणी नाही, चार ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. पण पाकिटावरचे नाव इंग्रजीत, चिठ्ठीवरचे नाव कंपनीचे. एकाच सेटिरिझिनला शेकडो नावे आहेत, आणि त्यातले एक नाव बाजारातून गेले की रुग्णाला वाटते औषधच गेले. १९७५ मध्येच हाथी समितीने सांगितले होते की कंपन्यांची नावे टप्प्याटप्प्याने काढा आणि मूळ नावाने औषध विका. अर्धशतक झाले. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावाने चिठ्ठी लिहिण्याचा नियम केला आणि सुमारे तीन आठवड्यांत तो नियम स्थगित झाला. डॉक्टरांच्या संघटनांचा एक आक्षेप खरा आहे : जेनेरिक औषधाच्या दर्जाची खात्री कोण देणार? ती सरकारने दिलीच पाहिजे, तपासणी वाढवलीच पाहिजे. पण दर्जा तपासायचा नाही म्हणून नाव लपवायचे, हा न्याय आम्हाला समजत नाही. ज्ञान थोड्यांच्या हाती ठेवायचे आणि बाकीच्यांनी रंग पाहून गोळी ओळखायची, ही रीत आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. फक्त तेव्हा पोथी होती, आता पाकीट आहे.

महाड याच जिल्ह्यात आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी केला. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव होता, तळे होते, पाणीही होते. तरी आमच्या माणसाची ओंजळ २० मार्च १९२७ पर्यंत कोरडी राहिली; बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ती भिजली. आज महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे की १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत उपचार मोफत. निर्णयाचे आम्ही स्वागत केले. पण औषध फळीवर नसेल तर मोफत काय मिळणार? औषध खरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिनच्या महामंडळाकडे दिले, तक्रारी वाढल्या, मग २०२३ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. तमिळनाडूने १९९४ मध्येच औषध खरेदीचे महामंडळ उभारून देशाला वाट दाखवली होती. तीच वाट धरायला महाराष्ट्राला इतका उशीर का लागला, याचे उत्तर सत्तेत आलेल्या सर्वच पक्षांनी द्यावे.

शिवाय गोळीने खाज थांबते, खाजेचे कारण थांबत नाही. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. ॲलर्जी मुख्यतः त्याचीच, आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. सोलताना ते हातांना लागते, उकळत्या कोळंबीच्या वाफेतून आणि वाळल्या जवळ्याच्या धुळीतून नाकात जाते. झुरळात आणि घरच्या धुळीतल्या किड्यांतही त्याचे भाऊबंद असतात. तेव्हा खरा पर्याय विचारायचा तर हातमोजे, तोंडावर फडके, हवेशीर शेड आणि हात धुवायला गोडे पाणी, एवढा तरी विचारावा लागेल. हे देणार कोण? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारी कामगाराला दवाखाना आणि पगार दोन्ही मिळावेत, हा त्यामागचा विचार. पण तो कायदा लागू व्हायला आस्थापना लागत असे, दहा कामगार लागत, नोंद लागत असे. नगावर कोळंबी सोलणाऱ्या बाईची नोंद फक्त तिच्या हातांवरच्या चट्ट्यांत असते.

एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. कोळंबी खाल्ल्यावर किंवा हाताळल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास घुसमटला, चक्कर आली, तर सेटिरिझिनवर विसंबू नये. तिथे औषध एकच, ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत, आणि तेही मिनिटांत. रेवसहून अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर आहे आणि मुंबई लाँचने पलीकडे. खाडीवरच्या रेवस-करंजा पुलाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून लोक ऐकत आले आहेत. ॲड्रिनॅलिन अत्यावश्यक यादीत आहे आणि महाग नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात त्याची मुदत न संपलेली कुपी आणि ती टोचू शकणारा माणूस आहे का, हे तपासायला पूल लागत नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी रेवसपासून सुरुवात करावी. केंद्रात जाऊन साठ्याची वही पाहायला मागावी, नाही दाखवली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा.

आणि अन्न व औषध प्रशासनाने एवढे करावे. कोणतेही औषध बंद झाले की त्याचे मूळ नाव, बंद होण्याचे कारण आणि त्याऐवजी काय विचारावे, एवढे तीन रकाने मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक मेडिकलच्या दुकानाबाहेर, आरोग्य केंद्रात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. रेवसला तो कागद धक्क्यावरही लावावा, लाँचची वाट पाहत माणसे जिथे उभी असतात तिथे.